चिठ्ठी सांगलीची, कायदा न्यूयॉर्कचा : ओटी रेफरलचे एक प्रकरण

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून दिला जाणारा उपचार, आणि तो देणारी व्यक्तीही. रेफरल म्हणजे त्यासाठी पेशंटला पाठवल्याची चिठ्ठी. मी न्यूयॉर्कमध्ये ओटी आहे, आणि हे माझ्या क्लिनिकमधलं प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत. निर्णय कोणते घेतले आणि का घेतले, ते मात्र घडले तसेच मांडले आहे.

पार्श्वभूमी

काकू ६८ वर्षांच्या, सांगलीतल्या निवृत्त शिक्षिका. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उजव्या अंगावरून वारं गेलं. इस्पितळातून घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली आणि अडीच महिन्यांत त्या काठीच्या आधाराने चालायलाही लागल्या. बोलणं थोडं जड झालं होतं, पण समजण्यासारखं होतं. उजवा हात मात्र मागे राहिला. यजमान आधीच गेलेले, आणि मुलगा-सून न्यूयॉर्क शहरात क्वीन्समध्ये. मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. पर्यटक व्हिसावर राहायला मिळणार होतं सहा महिने.

निघताना सांगलीच्या न्यूरोलॉजिस्टांनी सांगितलं होतं, ‘आता हातावर काम व्हायला हवं, तिथे ओटी सुरू करा.’ तसं पत्रही त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं. पत्र उत्तम होतं. निदान, एमआरआयचा निष्कर्ष, औषधांची यादी, हाताची अवस्था, सगळं नीट इंग्रजीत.

प्रवास विम्याने आधीपासूनच्या आजाराचा खर्च नाकारला होता. मुलगा म्हणाला, ‘हरकत नाही, मी खिशातून देतो.’ विमा नाही म्हणजे कागदपत्रांची कटकटही नाही, असं त्याने धरलं होतं. अनेक कुटुंबं असंच धरून चालतात.

अडचण

मुलाने आमच्या क्लिनिकला फोन केला. रिसेप्शनने विचारलं, ‘रेफरल आहे का?’ तो म्हणाला, ‘आहे.’ दोघंही खरंच बोलत होते. वेळ ठरली. प्रत्यक्ष त्या दिवशी पत्र पुढे आलं तेव्हा रिसेप्शनने सांगितलं, हे चालणार नाही, न्यूयॉर्कच्या डॉक्टरचं रेफरल लागेल.

मुलाचा पारा चढला. ‘एमडी, डीएम झालेल्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे मॅडम. त्यांनी आईला तपासलंय, औषधं दिलीत. इथला डॉक्टर तिला पाच मिनिटं बघून सही करणार, आणि ती सही मोठी?’ काकू खुर्चीवर उजवा हात डाव्या हाताने मांडीवर धरून बसल्या होत्या. सून एवढंच म्हणाली, ‘ताई, सहा महिन्यांतले तीन आठवडे तर जेटलॅग आणि ही धावपळ यातच गेले.’

मुलाचा राग समजण्यासारखा होता. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, नंतर तो मंदावतो. काकूंचा चौथा महिना सुरू झाला होता. नव्या पेशंटला प्राथमिक डॉक्टरकडे वेळ मिळायला आणखी तीन आठवडे लागतील, असं दोन ठिकाणांहून कळलं होतं.

कायद्यात नेमकं काय आहे

अमेरिकेत ओटीचा परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. त्यामुळे पेशंट कोणी पाठवायचा हेही राज्यच ठरवतं. काही राज्यांच्या कायद्यात रेफरलची अट नाही, काहींत ती आहे, आणि अट असलेल्यांतही कोणाचं रेफरल चालतं याच्या याद्या वेगळ्या. न्यूयॉर्कमध्ये हे शिक्षण कायद्याच्या १५६ व्या प्रकरणात, कलम ७९०१ मध्ये येतं.

त्या कलमात ओटीच्या व्यवसायात चार गोष्टी मोडतात : पेशंटच्या कार्यक्षमतेचं मूल्यमापन, हेतुपूर्ण कृतींचा कार्यक्रम आखणं आणि वापरणं, उपचाराचा कार्यक्रम, आणि पेशंट, कुटुंब किंवा काळजी घेणाऱ्यांशी सल्लामसलत. त्यापुढे अटीचं वाक्य येतं : कार्य पूर्ववत करण्यासाठी आखलेला उपचार कार्यक्रम फिजिशियन (डॉक्टर), नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषध लिहून देऊ शकणारी, जादा शिकलेली नर्स), किंवा कायद्याच्या याच भागाखाली स्वतःच्या कार्यकक्षेत काम करणारा अन्य आरोग्य व्यावसायिक यांच्या प्रिस्क्रिप्शनवर किंवा रेफरलवर द्यायचा.

आमचा पुढचा सगळा विचार या वाक्याच्या दोन तुकड्यांवर झाला.

‘याच भागाखाली’ म्हणजे न्यूयॉर्कचे परवानाधारक. फिजिशियन ही उपाधीसुद्धा तिथे परवान्याशिवाय लावता येत नाही. म्हणजे सांगलीच्या डॉक्टरांचं ज्ञान कमी पडत नव्हतं. न्यूयॉर्क राज्य त्यांना ओळखत नव्हतं, इतकंच. मुलाला हे असंच सांगितल्यावर तो बराच शांत झाला. रिसेप्शनवरचं ‘चालणार नाही’ त्याला आपल्या डॉक्टरांचा अपमान वाटलं होतं.

दुसरा तुकडा अधिक महत्त्वाचा. अट ‘कार्य पूर्ववत करण्यासाठी आखलेल्या उपचार कार्यक्रमा’ला आहे. मूल्यमापनाला ती लावलेली नाही. रेफरल नाही म्हणजे पेशंटला दारातूनच परत पाठवा, असं कायदा कुठेही म्हणत नाही. तरी कितीतरी क्लिनिकांत व्यवहार तसाच चालतो, कारण ‘आधी रेफरल, मग सगळं’ हा नियम रिसेप्शनला सांगायला सोपा पडतो.

खरं तर महाराष्ट्राला ओटी परकी नाही. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातली पहिली ओटीची शाळा सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. त्यांच्या हातून हे शास्त्र तिकडून इकडे आलं, आणि माझ्यासारखे अनेक ते महाराष्ट्रात शिकून अमेरिकेत काम करतात. हाताला द्यायचा स्प्लिंट, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, सांगलीत आणि क्वीन्समध्ये एकाच पद्धतीने बनतो. तो बनवायची परवानगी मात्र जागेप्रमाणे बदलते, आणि नात्यातलं माणूस घेऊन येणाऱ्याच्या हे सहज ध्यानात येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मुलानेच सुचवला. मराठी मंडळात ओळखीचे एक डॉक्टर आहेत, न्यूयॉर्कचा परवाना आहे, व्यवसायाने भूलतज्ज्ञ. रविवारी भेटतील, सही करतील. परवान्यापुरतं पाहिलं तर ते बसत होतं. पण पेशंटला तपासलं नाही, नोंद ठेवली नाही आणि सही केली, तर ते रेफरल नुसता कागद. उद्या व्यायाम करताना काकूंना चक्कर आली तर फोन कोणाला करायचा, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आम्ही त्याला सांगितलं की ते काकूंना त्यांच्या दवाखान्यात बोलावून तपासणार असतील तर जरूर आणा, नाहीतर नको. त्या डॉक्टरांनी स्वतःच नकार दिला, आणि तो योग्यच होता.

दुसरा पर्याय सुनेच्या मावसबहिणीचा. ती त्याच राज्यात डेंटिस्ट. कायद्यात ‘अन्य आरोग्य व्यावसायिक’ म्हटलंय, मग डेंटिस्ट का नाही? तर ‘स्वतःच्या कार्यकक्षेत’ हे शब्द त्याच वाक्यात आहेत. पक्षाघाताने दुबळा झालेला हात दंतवैद्यकाच्या कार्यकक्षेत येत नाही. यात आम्हाला फार विचार करावा लागला नाही.

(काकू मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याच्या, पेशंट असत्या तर राज्याच्या कायद्याच्या वर आणखी एक चाळणी लागली असती. मेडिकेअर बाह्यरुग्ण ओटीसाठी डेंटिस्ट आणि कायरोप्रॅक्टर (मणके-सांधे हाताळून उपचार करणारे) यांना रेफरल देणाऱ्यांत मोजतच नाही, आणि ऑप्टोमेट्रिस्टला (डोळे तपासणाऱ्याला) फक्त अल्पदृष्टीच्या पुनर्वसनापुरतं मोजतं. तिथे उपचाराचा आराखडा प्रमाणित करून घ्यावा लागतो आणि तो जास्तीत जास्त ९० दिवस चालतो. १ जानेवारी २०२५ पासून एक सवलत आली आहे : सही आणि तारीख असलेली ऑर्डर फाइलमध्ये असेल आणि आराखडा ३० दिवसांत डॉक्टरकडे पोचवला असेल, तर पहिल्या प्रमाणीकरणासाठी वेगळी सही आणावी लागत नाही. भारतातून येऊन ग्रीन कार्डावर स्थायिक झालेल्या आईवडिलांसाठी हे कामाचं आहे. राज्याने चालवून घेतलेलं रेफरल पैसे देणारा चालवून घेईलच असं नाही, आणि उलटही नाही.)

तिसरा पर्याय, तीन आठवडे थांबून प्राथमिक डॉक्टरची वेळ घ्यायची आणि तोवर काहीच करायचं नाही. क्लिनिकच्या संचालिकांचा कल सुरुवातीला इकडे होता. त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. व्यावसायिक दायित्वाच्या विम्याचा प्रश्न येतो तेव्हा मूल्यमापन कुठे संपलं आणि उपचार कुठे सुरू झाला, ही रेघ दाखवायची जबाबदारी क्लिनिकवर येते.

चौथा पर्याय मी मांडला. मूल्यमापन आत्ताच करायचं, कुटुंबाला सल्ला द्यायचा, उपचाराला हात लावायचा नाही. आणि मूल्यमापनाचा अहवाल जोडून जवळच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात नर्स प्रॅक्टिशनरची वेळ मागायची. अशा केंद्रांत फी उत्पन्नानुसार ठरते, आणि न्यूयॉर्कच्या कायद्यात नर्स प्रॅक्टिशनरचं नाव रेफरल देणाऱ्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘डॉक्टरच पाहिजे’ या समजुतीपायी कुटुंबं विनाकारण लांबच्या रांगेत उभी राहतात.

संचालिकांनी एका अटीवर होकार दिला. काय करणार आणि काय करणार नाही हे आधी लेखी लिहायचं, आणि ते कुटुंबाला वाचून दाखवायचं.

काय केलं

ती यादी त्याच दिवशी केली. करायच्या गोष्टी : पूर्ण मूल्यमापन, खांदा सांभाळायच्या सूचना, घरात पडू नये म्हणून बदल, मुला-सुनेला उचलण्या-बसवण्याचं शिक्षण. न करायच्या : हाताचे व्यायाम, कृतींचा सराव, विद्युत उत्तेजन, स्प्लिंट. स्प्लिंटवर थोडी चर्चा झाली, कारण हाताला सूज होती आणि रात्री आधार दिला असता तर बरं वाटलं असतं. पण स्प्लिंट हा उपचारच, म्हणून तो थांबवला.

मूल्यमापनाला सुरुवात काकूंच्या प्रश्नापासून केली. कोणत्या गोष्टी जमत नाहीत आणि त्यातल्या कोणत्या तुम्हाला हव्या आहेत? मुलाला वाटलं होतं त्या ‘जेवण’ म्हणतील. काकू म्हणाल्या, ‘साडीच्या निऱ्या.’ मग जेवण. आणि मग जरा थांबून, ‘वाती. देवाच्या वाती मीच वळते गं, विकतच्या कधी आणल्या नाहीत.’ या उत्तरांसाठी दुभाषा लागला असता तर ‘कपडे घालणं’ एवढंच नोंदीत आलं असतं. निऱ्या घालायला अंगठा आणि तर्जनीत कापड धरून दुसऱ्या हाताने मापात मागेपुढे न्यावं लागतं, प्रत्येक घडीला पकड सोडून पुन्हा धरावी लागते. काकूंना धरता येत होतं, सोडता येत नव्हतं. बोटं मिटली की उघडायला डावा हात लागायचा.

ठोकळ्यांच्या चाचणीत एका मिनिटात डाव्या हाताने ४८ ठोकळे पलीकडे गेले, उजव्याने ११. उजव्या खांद्याच्या हाडाखाली बोटभर फट लागत होती, म्हणजे सांधा खाली सरकला होता. विचारलं तेव्हा सून म्हणाली, ‘उठवताना आम्ही त्याच हाताला धरून उठवतो.’ ते तिथल्या तिथे थांबवलं. कमरेच्या पट्ट्याला धरून कसं उठवायचं, बसल्यावर हाताखाली उशी कशी ठेवायची, कुशीवर झोपताना खांदा कसा पुढे घ्यायचा, हे दोघांकडून करून घेतलं. तीन आठवडे थांबलो असतो तर त्या खांद्याला रोज दहादा हिसका बसला असता.

रक्तदाब १७४/९८ आला. थोडं बसवून पुन्हा घेतला, फरक नाही. गोळ्यांचा डबा मागवला तेव्हा कळलं की भारतातून आणलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या पुरवून पुरवून वापरायच्या म्हणून काकू अर्धी-अर्धी घेत होत्या. मुलाला पत्ताच नव्हता. ‘इथे औषधं महाग, तुला कशाला त्रास,’ एवढंच त्या म्हणाल्या.

औषधाचं सांगणं ओटीच्या हातात नाही. पण आता आरोग्य केंद्राला फोन करताना माझ्याकडे ठोस कारण होतं. पक्षाघात होऊन गेलेली पेशंट, हा रक्तदाब, अर्धी औषधं. वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली. सोबत आमचा अहवाल आणि सांगलीच्या न्यूरोलॉजिस्टांचं पत्र पाठवलं. रेफरल म्हणून ते पत्र चाललं नाही, पण वैद्यकीय इतिहास म्हणून त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नव्हता.

नर्स प्रॅक्टिशनरने औषधं लावून दिली, पण रेफरलवर त्या दिवशी सही केली नाही. रक्तदाब ताब्यात येऊ दे, आठवड्याने या, म्हणाली. मुलगा पुन्हा वैतागला. मला तिचा निर्णय पटला. आठवड्याने तिने लिहून दिलं : ओटी मूल्यमापन आणि उपचार, उजवा अर्धांग दुर्बल, खांद्याची काळजी घ्यावी, वरचा रक्तदाब १६० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नको. दोन ओळींचं ते रेफरल, पण त्यामागे तपासणी होती, आणि आम्हाला हवी ती मर्यादा त्यात होती.

निष्पत्ती

उपचार सुरू झाला तेव्हा हातात साडेचार महिन्यांपेक्षा थोडे जास्त दिवस होते. आठवड्यातून दोनदा क्लिनिक, बाकी घरी सराव. रात्रीचा स्प्लिंट पहिल्याच भेटीत बनवला. पकड सोडण्याचा सराव आधी मोठ्या वस्तूंवर घेतला, मग रुमालावर, मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर.

परतीच्या आधीच्या मोजणीत उजव्या हाताने २६ ठोकळे गेले. खांद्याची फट कमी झाली, दुखणं रात्रीपुरतं उरलं. जेवण चमच्याने स्वतःच्या हाताने, पोळीचा तुकडा अजून डाव्या हाताने मोडून. निऱ्यांसाठी शिवलेली तयार साडी सुचवली होती, काकूंनी ती साफ नाकारली. शेवटी पलंगाच्या कडेला बसून, डाव्या हाताने घडी आणि उजव्याने नुसतं दाबून धरणं, अशा उलट्या पद्धतीने त्या निऱ्या घालू लागल्या. वेळ लागतो, पण कोणाला हाक मारावी लागत नाही. वाती जमल्या नाहीत. बोटांच्या टोकांमधली बारीक पकड परत आली नाही, आणि ती येईल असं आम्ही कधी म्हटलंही नव्हतं. तळहातावर ठेवून फुलवात होते, लांब वात होत नाही.

मधे एकदा मुलाने विचारलं की आई महिनाभर न्यू जर्सीला बहिणीकडे जाणार आहे, तिथून व्हिडिओवर सत्रं घ्याल का? नाही म्हणावं लागलं. पेशंट ज्या राज्यात बसलेला असतो तिथला परवाना लागतो, आणि माझा तिथला नाही. तो महिना लेखी सरावावर काढला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या फोनवर झालं. ‘रेफरल आहे का?’ या प्रश्नाला भारतातून आलेलं कुटुंब ‘आहे’ असंच म्हणणार. आता आमच्याकडे विचारतात, ‘रेफरल कोणाचं आहे आणि त्यांचा परवाना कुठला?’ उत्तर भारतातलं आलं तर मूल्यमापनाची वेळ देतात आणि त्याच फोनवर आरोग्य केंद्रांचे नंबर सांगतात.

संचालिका आणि माझ्यात एक मतभेद अजून आहे. खांद्याच्या सूचना आणि उठवायचं शिक्षण हे मी कुटुंबाशी केलेली सल्लामसलत मानते, आणि ती व्यवसायाच्या व्याख्येत वेगळी लिहिलेली आहे. पण त्याच व्याख्येत सल्लामसलतीचा हेतूही कार्य पूर्ववत करणं, विकसित करणं किंवा टिकवणं असाच दिला आहे. उद्या कोणी म्हणालं की हा उपचारच झाला, तर वाद घालायला जागा आहे. म्हणून पुढच्या अशा पेशंटला संचालिका फक्त मूल्यमापन ठेवायचं म्हणतात. मला ते मान्य नाही. चुकीचं धरून उठवताना डोळ्यांनी पाहिल्यावर गप्प बसणं मला पेशंटशी प्रामाणिक वाटत नाही. लेखी यादी करून ती कुटुंबाला वाचून दाखवण्याची पद्धत आम्ही दोघींनी कायम ठेवली आहे.

कुटुंबाच्या बाजूने एक गोष्ट लवकर करता आली असती. निघायच्या आधीच क्वीन्समधल्या आरोग्य केंद्रात वेळ घेऊन ठेवली असती तर पोचल्याच्या आठवड्यात तपासणी झाली असती, औषधंही अर्धी झाली नसती आणि रेफरल त्यातूनच निघालं असतं. आईवडिलांना उपचार चालू असताना आणणाऱ्यांना मी आता हेच सांगते. तिकडच्या डॉक्टरांचं सविस्तर पत्र आणा, एमआरआयची सीडी आणा, औषधं मुक्कामाला पुरतील इतकी आणा, आणि इथल्या परवानाधारकाची वेळ विमानाच्या तिकिटासोबतच घ्या.

परतीच्या वेळी सांगलीच्या डॉक्टरांना आम्ही अहवाल पाठवला, स्प्लिंटचं माप आणि घरच्या सरावाचे व्हिडिओ जोडून. त्यांनी तो जवळच्या ओटीकडे दिला. तिने फोन करून पहिलाच प्रश्न विचारला, रात्रीचा स्प्लिंट अजून किती दिवस ठेवायचा.